बहिणीचे तीन दशांश

अकरा वर्षे मी खोटा आकडा लिहीत होते आणि अकरा वर्षांत मला कोणी एका शब्दाने काही विचारले नाही. खरा आकडा लिहिला आणि लगेच चौकशी बसली. तिची फाईल अजून वरच्या मजल्यावर आहे.

मी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. चुनखडी आणि माती भट्टीत भाजली की काळपट गोटे बाहेर पडतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात न शिजलेला, म्हणजे मोकळा चुना किती उरला ते दर तासाला मोजायचे, हे माझे काम. गोटे कुटायचे, चिमूटभर पूड द्रावणात उकळायची, गाळायची, वरून थेंब थेंब आम्ल सोडायचे आणि रंग उडाला की थांबायचे. चुना दीड टक्क्याच्या आत असला तर भट्टी नीट भाजते आहे. दोनच्या वर गेला तर माल कच्चा, आणि असले सिमेंट लोकांच्या भिंतीत जाऊन वर्षभराने फुगते. भिंत तडकली की घरमालक गवंड्याला शिव्या देतो, गवंडी वाळूला, आणि आमचे नाव कोणी काढत नाही.

इथे नवी असताना एकदा मी १.९ लिहिले. आले तेच लिहिले, अक्कल तेवढीच होती. वरून फोन आला, स्पष्टीकरण द्या. मूळ कारण काय, उपाय काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, सगळे तीन पानी नमुन्यात, वर सहा सह्या. दोन दिवस मी सह्यांसाठी वणवण केली, तोवर भट्टी आपली आपण ताळ्यावर आली होती. तिसऱ्या दिवशी २.१ निघाले. मी १.२ लिहिले. कोणाचाही फोन आला नाही, आणि त्या शांततेची मला चटक लागली.

रोज १.२ च दिसले तर डोळ्यांवर येईल, म्हणून मधूनच १.१, मधूनच १.३, आणि आठवड्यातून एकदा, बाळाला तीट लावावी तसे, १.४. एका वर्षी तपासणीला आलेल्या परीक्षकांनी माझी वही चाळली आणि इतकी स्थिर भट्टी आयुष्यात पाहिली नाही असा शेरा मारला. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांना तो माझा विनय वाटला.

मग भट्टी चालत कशी होती? फोनवर. भट्टीच्या नियंत्रण कक्षात, मुख्य खुर्चीत, सव्वीस वर्षे माझा सख्खा थोरला भाऊ बसतो. कक्षात पंधरा पडदे आहेत, पण दादा तासातून दोनदा उठून खाली जातो, निळी काच डोळ्यांवर धरतो आणि भोकातून ज्योत बघून येतो. मी वहीला हात लावायच्या आधी त्याला फोन करायचे. हॅलो नाही, कसा आहेस नाही. नुसता आकडा सांगायचा, तो 'बरं' म्हणायचा, की फोन खाली. मग तो कोळसा वाढवी, भट्टीत पडणारा माल कमी करी, फारच बिघडले तर तेवढा क्लिंकर बाजूच्या ढिगावर काढी आणि चांगल्या मालात चवीपुरता मिसळून संपवी. लिहिलेला आकडा वर जायचा, बोललेला आकडा भट्टीकडे जायचा, आणि दोन्हीकडे समाधान होते.

माझे आणखी एक पाप आहे, तेही इथेच सांगते. आकडा मोठा निघाला की दादाचा डबा न उघडता घरी परत जायचा. त्यातच त्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वहिनी माझ्या मागे लागली. तेव्हापासून मी त्याला फोनवर तीन दशांश कमी सांगू लागले. २.१ आले तर १.८. तेवढ्याने त्याच्या हातून काही बिघडत नव्हते आणि डबा रिकामा परत जाऊ लागला. आपण फार हुशार आहोत असे मला तेव्हा वाटायचे.

पुढे कचरा आला. शहरातले प्लास्टिक, चिंध्या, चपलांचे तळवे बारीक कापून कोळशाऐवजी जाळायचे. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. भट्टीच्या आगीपुढे काही टिकत नाही आणि राखही सिमेंटमध्येच जिरते. पण कोळशाचा स्वभाव ठरलेला असतो, कचऱ्याचा मात्र दर ट्रकला निराळा. एकात कोरड्या पिशव्या, दुसऱ्यात भिजलेल्या गाद्या. ओले पोटात गेले की ज्योत मान टाकते आणि चुना कच्चा राहतो. म्हणून कचरा किती घालायचा ते दादा ट्रक बघून, ज्योत बघून आणि माझा फोन ऐकून ठरवायचा. कधी दहा टक्के, कधी वीस.

हे आमच्या कारखानाप्रमुखांना बघवेना. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणतात. भलत्या अर्थाने नाही, माणूस हाताचा स्वच्छ आहे. पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना शंभरपैकी किती अशीच कळते. फाटकावर त्यांनी दिव्यांचा मोठा फलक लावला होता, 'आज कोळशाऐवजी कचरा: १८ टक्के'. रस्त्यापलीकडच्या कारखान्याने तसाच फलक लावला आणि त्यावर पस्तीस लिहिले. साहेब रोज गाडीतून उतरताना त्या पस्तिसाकडे बघत आणि दिवसभर कोणाशी धड बोलत नसत.

म्हणून यंत्र आले. भट्टी स्वतः चालवणारे, इंधनाचे प्रमाण स्वतः ठरवणारे. आठवड्यात कामगारांनी त्याचे नाव जावईबापू ठेवले, कारण त्याला वेगळी गार खोली होती, त्याच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नव्हते आणि ते चुकले असे म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. त्याच्याबरोबर एक तज्ज्ञबाई आल्या. माझ्याच वयाच्या, चपट्या चपलांच्या, कमी बोलणाऱ्या. यंत्राला शिकवण्यासाठी त्यांनी जुनी माहिती मागितली. साहेबांनी अभिमानाने माझ्या अकरा वर्षांच्या वह्या काढून दिल्या.

चौथ्या दिवशी तज्ज्ञबाई प्रयोगशाळेत आल्या आणि तुमचा चुना कशानेच हलत नाही का, असे त्यांनी विचारले. मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, शिस्त आहे आमच्याकडे. बोलायची वेळ तीच होती. मी घाबरले, आणि नळीतल्या थेंबांकडे बघत बसले.

यंत्राने वह्या गिळल्या आणि त्यातून एकच शहाणपण घेतले, भट्टीत काहीही घाला, चुना १.२ च राहतो. मग कोळसा जाळायचाच कशाला? माझे आकडे खरे मानले तर कोणत्याही शहाण्या माणसाने हेच म्हटले असते. खाण तशी माती, यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही.

सात दिवसांची चाचणी ठरली. दादाची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि त्याला 'निरीक्षक' केले. म्हणजे बघायचे, पण हात मांडीवर ठेवायचे. चाचणी यशस्वी झाली तर त्याला फाटकावर पाठवणार होते, कचऱ्याच्या ट्रकची ताडपत्री नीट बांधली आहे का ते तपासायला. तिथे एक ताडपत्रीवाला आधीच होता, चांगला गुटगुटीत. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या माणसाने त्याच्या हाताखाली उभे राहायचे होते. आणि हे सगळे माझ्या सुवाच्य अक्षरामुळे.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढले.

"हे शेगडीपुढून हलत नाहीत," ती म्हणाली. "मी दूध तापवतेय आणि यांचं आपलं गॅस कमी कर, गॅस जास्त कर. ज्योत पिवळी पडतेय म्हणतात. यांना त्या खुर्चीतून उठवलं ना, तर माझं स्वयंपाकघर गेलं बघ."

बाहेर दादा वर्तमानपत्र धरून बसला होता. ते उलटे होते असे नाही, पण पान तासभर तेच होते.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भिजलेल्या गाद्यांचे ट्रक आले आणि जावईबापूंनी ते आनंदाने आत घेतले. फलकावर एक्केचाळीस झळकले. अकराच्या नमुन्यात मला ३.४ मिळाले. पुन्हा केले, पुन्हा ३.४. हात सवयीने फोनकडे गेला आणि तोंडातून सवयीने तीन पॉईंट एक निघाले.

"मला सांगून काय उपयोग?" दादा म्हणाला. "त्याला सांग."

मी त्याला सांगितले. संगणकावर ३.४ टाकले. त्याला कुठे रक्तदाब आहे. पडद्यावर उत्तर आले, 'नमुना चुकला आहे. पुन्हा घ्या.' पुन्हा घेतला, ३.५ आले, टाकले. 'नमुना चुकला आहे.' तिसऱ्या वेळी त्याने रकान्यात स्वतःच १.२ भरले आणि खाली विचारले, 'आपल्याला असे म्हणायचे आहे का?' मी नाही म्हटले. त्यावर माझे खाते बंद झाले आणि मला 'अचूकतेचे महत्त्व' हा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आदेश आला.

मी परीक्षानळी हातात तशीच घेऊन जिना चढले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी आठवण झाली नाही. नियंत्रण कक्षात साहेब मुख्य कार्यालयाच्या दोन पाहुण्यांना एक्केचाळीसचा अर्थ समजावत होते. तज्ज्ञबाई पडद्याजवळ होत्या. दादा भिंतीपाशी, हात मांडीवर.

"साहेब, चुना तीन पॉईंट पाच आहे," मी म्हणाले. "आणि गेली अकरा वर्षं मी लिहिलेला एकही आकडा खरा नाही."

साहेबांनी मला हळूच पाण्याच्या पिंपाकडे नेले. भावाची काळजी मी समजू शकतो, असे ते फार मायेने म्हणाले. मग त्यांनी मला त्यांच्या पद्धतीने समजावले. आजचा आकडा खोटा धरला तर एका बाईची एक चूक. अकरा वर्षांचे खोटे धरले तर काचेच्या कपाटातल्या तीन ढाली खोट्या, सगळी प्रमाणपत्रे खोटी आणि त्यांच्या दोन बढत्याही संशयित.

"एका बाजूला एक आकडा, दुसऱ्या बाजूला सुमारे पंचवीस हजार," ते म्हणाले. "बहुमत कुठं आहे ते तुम्हीच बघा."

तज्ज्ञबाईंनी ते ऐकले असावे. त्यांनी दादाला भट्टीतून नुकताच पडलेला क्लिंकर मागितला. दादाने खालून बादलीभर आणला, एक गोटा लादीवर ठेवला आणि हातोडीचा एक ठोका घातला. वरून काळा, आत तपकिरी, आणि मधला भाग भुगा होऊन पाहुण्यांच्या बुटांवर सांडला. तेवढ्यात पडद्यावर लाल दिवा लागला. आत जळायचे राहिलेले वायू वर धुरात निघाले होते, आणि तो धूर वाढला असता तर पुढची यंत्रणा स्फोटाच्या भीतीने स्वतःहून बंद पडली असती. जावईबापूंनी त्यावर विचार करून कचरा बेचाळीस टक्के केला.

तज्ज्ञबाईंनी दादाकडे बघितले.

"मला हात मांडीवर ठेवायला सांगितलेत," दादा म्हणाला.

"उचला," त्या म्हणाल्या.

पुढचे चार तास दादा खुर्चीत होता आणि मी फोनवर. कचरा बंद, कोळसा वर, माल अर्ध्यावर, कच्चा क्लिंकर बाजूच्या ढिगावर. त्या ढिगाची टेकडी झाली. पाहुण्यांची गाडी फाटकातून बाहेर पडताना फलकावर शून्य टक्के लिहिलेले होते, आणि साहेब त्यांना निरोप द्यायला फलकाकडे पाठ करून उभे होते.

चौकशी झाली. तिचा निष्कर्ष मला पाठ आहे, 'संबंधित कर्मचाऱ्याने पूर्वसूचनेशिवाय खरा आकडा नोंदवल्याने गोंधळ निर्माण झाला.' मला लेखी ताकीद मिळाली. खोट्या आकड्यांबद्दल चौकशीने काही म्हटले नाही, कारण ते विहित नमुन्यात, वेळेवर आणि सुवाच्य अक्षरात होते.

यंत्र मात्र फुकट जाऊ द्यायचे नव्हते. त्याला खरी जुनी माहिती हवी, असे तज्ज्ञबाई म्हणाल्या. ती कुठून आणायची? माझे खरे आकडे मी चिठोऱ्यांवर लिहून रोज फाडत असे. तेव्हा दादा घरून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात चव्वेचाळीस खिशातल्या वह्या होत्या. मी फोनवर सांगितलेला प्रत्येक आकडा, त्या वेळचा कचरा, ज्योतीचा रंग, आणि त्याने काय केले ते.

मी त्याला जिन्यात गाठले आणि देऊ नकोस म्हणून सांगितले. चिडलेच मी त्याच्यावर. हे शिकले की तुला ताडपत्र्या मोजायला पाठवतील, एवढेही कळत नाही का, असे विचारले.

"कळतं," तो म्हणाला. "पण चुकीचं शिकून बसलंय ते, चिमणे. रोज माझ्यासमोर चुकतंय. मला बघवत नाही."

त्या वह्या संगणकात भरायचे काम शिक्षा म्हणून मलाच दिले. पहिल्या काही वह्या सरळ होत्या. सात वर्षांपूर्वीच्या एका वहीपासून प्रत्येक ओळीत दोन आकडे दिसू लागले. 'ब. १.८', आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात '२.१'. 'ब. १.४', पुढे '१.७'. ब. म्हणजे बहीण. ज्या पानापासून हे सुरू झाले तिथे समासात लिहिले होते, 'ब. कमी सांगते. तीन मिळवावे. तिला कळू देऊ नये. मी जेवावे म्हणून करते.'

मी टेबलावर डोके ठेवून रडले. सात वर्षे मी त्याला सांभाळत होते आणि तो मला सांभाळत होता. मग एकदम आठवले आणि मी डोळे पुसत विचारायला गेले, की मग डबा रिकामा कसा जायचा. दादा जरा ओशाळला. डबा ताडपत्रीवाल्याला जायचा. तो एवढा गुटगुटीत कसा, हे कोडे मला तेव्हा सुटले.

तज्ज्ञबाईंना त्या समासातल्या ओळीचा फार आनंद झाला. प्रयोगशाळेच्या आकड्याची चूक इतकी नेमकी कुठेच सापडत नाही, त्या म्हणाल्या. त्यांनी यंत्रात कायमचा नियम घातला, प्रयोगशाळेतून आलेल्या प्रत्येक आकड्यात ०.३ मिळवावे. यादीत त्याचे नाव आहे 'बहीण दुरुस्ती'. मग त्यांनी दादाला विचारले, नेहमी तीनच का?

"नाही," दादा म्हणाला. "चार चोरले असतील तर आधी खाकरते. दोनच असले तर फोन पटकन ठेवते."

खाकरणे यंत्रात कसे घालायचे ते तज्ज्ञबाईंना जमेना. शेवटी त्यांनी अहवालात लिहिले की यंत्राशेजारी एक अनुभवी माणूस खुर्चीत असलाच पाहिजे आणि प्रयोगशाळेने त्याला दर तासाला फोन केलाच पाहिजे. दादाची खुर्ची भिंतीपासून परत पुढे आली. साहेबांना 'माणूस आणि यंत्र यांचा समन्वय' यासाठी चौथी ढाल मिळाली. फलकावर सध्या चोवीस असतात आणि साहेब गाडीतून उतरताना पलीकडे बघत नाहीत.

नवी पद्धत सुरू झाली त्या सकाळी मी ठरवले, आता खोटे पुरे. दहाच्या नमुन्यात १.७ आले. संगणकात १.७ टाकले, फोन उचलला आणि १.७ सांगितले.

"बरं," दादा म्हणाला. "म्हणजे दोन."

नाही दादा, या वेळी अगदी खरे आहे, असे मी त्याला परोपरीने सांगितले. शपथ घेतली.

"अगं, आवाज तर नेहमीचाच आहे तुझा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

यंत्राने ०.३ मिळवले, दादाने ०.३ मिळवले आणि दोघांनी मिळून भट्टी अशी तापवली की अकराच्या नमुन्यात चुना ०.५ निघाला. क्लिंकर दगडासारखा झाला. तो दळला जाईना म्हणून चक्कीवाले प्रयोगशाळेत येऊन मला बोलून गेले, आणि फलक अकरावर घसरला. ०.५ चे स्पष्टीकरण द्या म्हणून वरून फोन आला. तीन पानी नमुना अजून तोच आहे, सह्या आता सात लागतात.

बाराच्या नमुन्यात १.४ आले. उत्तम आकडा. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग संगणकात १.१ टाकले आणि फोन उचलला.

"एक पॉईंट एक," मी म्हणाले.

"बरं," दादा म्हणाला. "छान."

दुपारी दीड वाजता ताडपत्रीवाला प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. दादा आपल्यावर रागावले आहेत का, असे त्याने विचारले. मी नाही म्हटले.

"मग आज डबा कसा नाही आला?" तो म्हणाला.